मराठवाड्यात पहिला गाण्यांचा दौरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःची चार-सहा गाणी आहेत, रील्सवर ती चालतात आणि आता लोकांसमोर उभं राहून गायचंय, अशा नव्या पॉप गायक-गायिकांकडून, त्यांच्या घरच्यांकडून आणि कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आठही जिल्हे करायचे का?

नको. पहिल्या दौऱ्यात सहा गावं पुरे झाली. प्रत्येक ठिकाणी आलेली अडीचशे-तीनशे माणसं पुढच्या वर्षी स्वतःहून तिकीट काढतील, एवढंच या दौऱ्याचं काम. आठ जिल्ह्यांच्या हट्टात सातव्या शोला आवाज बसतो आणि त्या गावात नाव कायमचं खराब होतं.

२. मग गावांचा क्रम कसा लावावा?

गोल फिरा, त्याच रस्त्याने परत येऊ नका. जालना, परभणी, नांदेड, लातूर, बीड आणि शेवटी छत्रपती संभाजीनगर हा क्रम सोयीचा पडतो. जालना ते परभणी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, परभणी ते नांदेड पाऊणशेच्या आत, नांदेड ते लातूर दीडशेच्या आत. बीडहून संभाजीनगर सुमारे १३०. दोन आठवड्यांचे शुक्रवार, शनिवार, रविवार धरा: पहिल्या आठवड्यात जालना-परभणी-नांदेड, दुसऱ्यात उरलेली तीन. मधले चार दिवस गळ्याला विश्रांती.

संभाजीनगर शेवटी ठेवण्यामागे कारण आहे. तिथल्या प्रेक्षकाने मोठे कार्यक्रम पाहिलेले असतात, त्याच्यासमोर पाच शो करून मुरलेला कार्यक्रम न्यावा. शिवाय तोवर परभणी-नांदेडचे व्हिडिओ फिरलेले असतात, तिकिटं त्यावर जातात.

पुण्या-मुंबईचे वादक रेल्वेने येणार असतील तर जालना, परभणी, नांदेड ही तिन्ही गावं मनमाड-सिकंदराबाद मार्गावर आहेत. वाद्यांची गाडी मात्र वेगळी, रस्त्याने आणा. ड्रमकिट आणि कीबोर्ड रेल्वेत चढवताना मोडतात.

३. कोणत्या महिन्यात?

दिवाळीनंतर ते जानेवारी अखेर. ऑक्टोबरात परतीचा पाऊस उघड्या मैदानावरचा कार्यक्रम धुऊन नेतो आणि एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो.

पण या तीन महिन्यांतही गावागणिक फरक पडतो. लातूर म्हणजे शिकवण्यांचं आणि वसतिगृहांचं गाव. तुमचा निम्मा प्रेक्षक अकरावी-बारावीचा. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा, मे महिन्यात मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा. जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ती पोरं खोलीबाहेर पडत नाहीत. लातूरचा शो डिसेंबरातच उरका. बीडच्या ग्रामीण भागातली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, म्हणून बीड शहरातला कॉलेजचा आणि नोकरदार प्रेक्षक धरूनच अंदाज बांधा.

नवरात्रात तुळजापूर आणि धाराशिव परिसर, दसरा आणि होला मोहल्ल्याच्या काळात नांदेड: लॉज मिळत नाहीत, पोलीस बंदोबस्तात अडकलेले असतात. १४ जानेवारीला नामविस्तार दिनी संभाजीनगरात विद्यापीठ परिसरात लाखोंची ये-जा असते, त्या दिवशी शहरात दुसरा कार्यक्रम लावू नये. आचारसंहिता लागण्याची चिन्हं असतील तर तारीख आधीच हलवा.

४. सभागृह की मैदान?

सभागृह. संभाजीनगरात संत एकनाथ रंगमंदिर आणि संत तुकाराम नाट्यगृह, नांदेडला शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह, बीडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृह. बुकिंगआधी चालू स्थिती प्रत्यक्ष जाऊन पाहा, कारण दुरुस्तीसाठी नाट्यगृहं महिनोन् महिने बंद राहतात.

पाहायला जाल तेव्हा खुर्च्यांआधी चार गोष्टी बघा: थ्री-फेज जोडणी कुठे आहे, जनरेटर उभा करायला जागा कुठे, मेकअप खोलीला आतून कडी आहे का आणि बायकांच्या स्वच्छतागृहात पाणी येतं का. शेवटच्या गोष्टीवर कार्यक्रमाला कुटुंबं येणार की नुसती पोरं, हे ठरतं. हजार माणसांच्या मैदानात तीनशे माणसं विरळ दिसतात, तीच चारशेच्या सभागृहात भरगच्च वाटतात आणि गाणाऱ्याचा हुरूप टिकतो.

५. परवानग्या कोणकोणत्या?

किमान तीन आठवडे आधी सुरुवात करा. संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालय आहे, बाकी जिल्ह्यांत अर्ज स्थानिक पोलीस ठाण्यातून पुढे जातो. अर्जाला लागतात: जागामालकाचं किंवा नगरपालिका-महापालिकेचं संमतीपत्र, अपेक्षित गर्दी, वेळ, कलाकारांची यादी, आयोजकाचं ओळखपत्र. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी मागावी लागते. मैदानावर मंडप असेल तर अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला आणि तात्पुरत्या वीजजोडणीची तपासणी. रुग्णवाहिकेसाठी लेखी विनंती आधीच द्या.

गाण्यांच्या मध्ये संहिता असलेलं नाटुकलं घालणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या (संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्राचा विषय निघतो. वेळ कमी असेल तर नाटुकलं काढून टाका.

अर्ज कुठे अडकतो? बहुतेक वेळा "अपेक्षित गर्दी" या रकान्यात. पोस्टरवर "हजारोंच्या उपस्थितीत" आणि अर्जात ३००, असं दिसलं की साहेब फाइल बाजूला ठेवतात. त्यांचं बरोबरच असतं.

६. रात्री दहाला बंदच करावं लागतं का?

उघड्यावर, हो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस जाहीर झालेले असतात. तुमच्या शोसाठी वेगळा दिवस मिळत नाही. नाट्यगृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्यापुरता आवाज असेल तर नियम सूट देतो. तरी सभागृहाचे स्वतःचे नियम आणि चौकीदाराची पाळी यामुळे साडेदहाच्या पुढे जाऊ नये.

आवाजाची पातळीही ठरलेली आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतालचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. कॉलेजच्या मैदानावरचे कितीतरी शो याच पट्ट्यात येतात, हे जागा ठरवतानाच मोजून घ्या.

शो साडेसहाला सुरू करा. नव्वद मिनिटं गाणी, पंधरा मिनिटं मध्यंतर, साडेआठला मोकळे. तालुक्याच्या गावाहून आलेल्यांना शेवटची एसटी मिळते.

७. गाणी दुसऱ्यांची गायची तर लायसन्स लागतं का?

लागतं, आणि ते काढायची जबाबदारी आयोजकावर असते. प्रसिद्ध गाणं स्टेजवर स्वतः गाणं म्हणजे त्या गाण्याच्या शब्दांचा आणि चालीचा जाहीर वापर, त्यासाठी आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देणारी संस्था. मूळ ध्वनिमुद्रण वाजवलं, अगदी मध्यंतरात स्पीकरवर लावलं, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क ज्यांच्याकडे आहे त्यांची परवानगी वेगळी. अनेक कंपन्यांच्या वतीने पीपीएल ती देतं. दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळ्या पावत्या.

८. सगळी गाणी माझीच आहेत. तरी?

इथे बरेच जण फसतात. गाणं तुम्ही लिहिलं आणि चाल लावली असली, पण तुम्ही आयपीआरएसचे सभासद असाल तर जाहीर सादरीकरणाचे हक्क तुम्ही संस्थेकडे सोपवलेले असतात. आयोजकाला परवाना घ्यावाच लागतो. त्यातलं मानधन पुढे तुमच्याकडेच येतं, म्हणून शोनंतर गायलेल्या गाण्यांची यादी संस्थेला जरूर कळवा. सभासद नसाल आणि शब्द, चाल दोन्ही तुमचे असतील तर प्रश्न मिटला. चाल मित्राची असेल तर त्याच्याकडून लेखी घ्या, मैत्री कितीही जुनी असली तरी. गाणं म्युझिक कंपनीला दिलं असेल तर करारातलं "लाइव्ह" कलम आधी वाचा.

९. कॉलेजचं गॅदरिंग आहे, तिकीट नाही. गणपती मंडळाचा कार्यक्रम आहे. तिथे माफी आहे ना?

कॉपीराइट कायद्यातली शैक्षणिक सवलत विद्यार्थी आणि शिक्षक स्वतः सादर करतात तेव्हाची आहे, तीही प्रेक्षक कॉलेजशी संबंधित असतील तेव्हा. मानधन घेऊन बाहेरचा गायक आला की ती धरून चालू नका. धार्मिक विधीची सवलत विधीपुरती. आरती झाल्यावरचा पॉप शो त्यात बसवायला जाऊ नये.

१०. तिकीट किती ठेवावं? जीएसटी?

संगीत कार्यक्रमाचं प्रवेशशुल्क माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, त्यापुढे १८ टक्के. नव्या गायकाने ५०० च्या आतच राहावं, आमचं मत दीडशे ते तीनशे. करमाफ तिकिटांसाठी केलेल्या साउंड-लाइटच्या खर्चावर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो खर्चातच धरा. प्रायोजकाच्या पैशाला ही माफी नाही.

हिशेब नेहमी निम्म्या सभागृहावर करा. समजा ४०० खुर्च्या, तिकीट २५०. निम्मे म्हणजे २०० माणसं, ५०,००० रुपये. सभागृह, साउंड, जेवण, मुक्काम, डिझेल या रकमेत बसत नसेल तर वादक कमी करा. गायक, कीबोर्ड, गिटार, ऱ्हिदम: चौघांत पहिला दौरा नीट होतो.

फुकट पासांचा आकडा पहिल्याच बैठकीत ठरवा, एकूण खुर्च्यांच्या दहा टक्के, क्रमांक घालून. पास मागणाऱ्याला "संपले" म्हणता आलं पाहिजे आणि ते खरं असलं पाहिजे.

११. लोककलाकारांना जीएसटी माफ असतो असं ऐकलं. मलाही?

ती माफी लोककला किंवा शास्त्रीय संगीत-नृत्य-नाट्य सादर करणाऱ्या कलाकाराला, एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तेव्हाची आहे. पॉप गायनाला ती नाही. शोमध्ये एक भारूड किंवा गोंधळ घेतला म्हणून सगळा शो लोककला ठरत नाही. मात्र वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती साधारणपणे येत नाही.

१२. मानधन बुडतं अशी भीती वाटते. काय करावं?

करार ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करा. तारीख ठरताना ५० टक्के, गाडी निघण्याआधी २५, उरलेले साउंडचेक झाल्यावर आणि पडदा उघडण्याआधी. "शो झाल्यावर बघू" याला हो म्हणू नका. शो झाल्यावर देणारा माणूस पाहुण्यांना सोडायला गेलेला असतो. रोख घेत असाल तर एका कार्यक्रमासाठी एकाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. संस्थेने १० टक्के टीडीएस कापला तर त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या आणि विवरणपत्रात दाखवा.

करारात हेही लिहा: पाऊस, बंद, जमावबंदी किंवा राजकीय दुखवटा यामुळे शो रद्द झाला तर अ‍ॅडव्हान्सचं काय. सोपा तोडगा म्हणजे तीन महिन्यांत नवी तारीख, तीही नाही जमली तर प्रवासखर्च वजा करून परतावा.

१३. साउंडवाला म्हणतो "सगळं आहे". नेमकं काय मागायचं?

कागदावर मागा. चारशेच्या सभागृहाला दोन टॉप आणि दोन बास एका बाजूला, तेवढेच दुसऱ्या बाजूला. स्टेजवर तीन मॉनिटर (गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर). १६ चॅनेलचा मिक्सर. चार डीआय बॉक्स (कीबोर्ड-गिटार मिक्सरला जोडायचे डबे). गाण्याचा एक कॉर्डलेस आणि त्याच जागी जोडून ठेवलेला एक वायरवाला माइक. लग्नाच्या वरातीचे बास घेऊन येणारा साउंडवाला आवाज मोठा देतो, शब्द देत नाही. नव्या गाण्याचे शब्द तिसऱ्या रांगेत कळले नाहीत तर ते गाणं कुणाच्या तोंडी बसणार?

ट्रॅकवर गाणार असाल तर फाइल ४४.१ किलोहर्ट्झची आणि यंत्र ४८ वर लावलेलं, ही चूक पाहून ठेवा. काही जोडण्यांत गाणं वेगाने धावतं आणि पट्टी चढते: काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी जातं. गायकाला वाटतं गळा बसला, दोष मशिनचा असतो. ट्रॅकच्या दोन प्रती दोन वेगळ्या उपकरणांत ठेवा आणि फोन विमान मोडवर.

१४. लाइट गेली तर? जनरेटर किती मोठा?

सभागृहातल्या छोट्या शोला ६२.५ केव्हीए पुरतो. मैदानावर एलईडी भिंत आणि मोठी लाइट असेल तर १२५. साउंड आणि लाइट वेगवेगळ्या फेजवर घ्या, नाहीतर डिमर हलला की स्पीकरमधून भुणभुण येते.

जोडणी झाल्यावर, काहीही सुरू करण्याआधी, मल्टिमीटर लावून दोन आकडे पाहा. फेज-न्यूट्रल २२० ते २४० व्होल्ट. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. दुसरा आकडा दहा-पंधरा दाखवत असेल तर अर्थिंग खराब आहे: गिटारवाल्याला माइकला ओठ लागताच झटका बसतो. अर्थिंगच्या सळईभोवती मीठ-पाणी ओतून तात्पुरतं भागतं, पण कोरड्या मुरमाड जमिनीत तेवढ्याने भागत नाही, दुसरी सळई ठोकायला सांगा. सगळ्यात वाईट म्हणजे न्यूट्रल सुटणे. तसं झालं की सिंगल फेजच्या यंत्रावर चारशेच्या घरात व्होल्टेज जाऊ शकतं आणि कीबोर्ड, मिक्सर, लॅपटॉप एका क्षणात जातात. सप्लाय बंद असताना न्यूट्रलचा बोल्ट घट्ट आहे ना, ते ओढून पाहा.

गाण्याच्या मध्ये अंधार झालाच तर गाणं थांबवू नका. टाळ्यांवर धरा. जनरेटर सुरू व्हायला लागणारा अर्धा-एक मिनिट प्रेक्षक गातात.

१५. साउंडचेकला किती वेळ?

दीड तास, तोही दारं उघडण्याच्या एक तास आधी संपलेला. डिसेंबरात मैदानावर संध्याकाळनंतर थंडी पडते. तारा आखडून गिटारचा सूर चढतो. वाद्यं अर्धा तास स्टेजवर ठेवून मगच शेवटचं ट्यूनिंग करा.

१६. गाण्यांची निवड मराठवाड्यात वेगळी लागते का?

लागते. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९४८ ला मुक्त झाला. दखनी आणि उर्दू इथल्या कानाला घरची आहे. संभाजीनगर, परभणी, नांदेडमध्ये एक गझलवजा गाणं अगदी शांतपणे ऐकलं जातं. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-उमरग्याकडे कन्नड समजणारी माणसं भेटतात. एखादी ओळ त्यांच्या भाषेत बोललात तर सभागृह तुमचं. पण मराठवाडी बोलीची नक्कल करू नका. "लई भारी" दोनदा म्हणून आपलेपणा येत नाही, लोक ओळखतात.

नव्वद मिनिटांत १६ ते १८ गाणी, त्यांत स्वतःची सहा. पहिलं ओळखीचं, दुसरं आपलं. भीमगीताची, भक्तिगीताची चिठ्ठी हमखास येते. प्रत्येकी एक तयार ठेवा, मनापासून बसवलेलं, शब्द पाठ. मोबाइलमध्ये बघून भीमगीत गाणं हा त्या गाण्याचाही अपमान आणि ऐकणाऱ्याचाही. कव्हर गाण्यांच्या परवान्यासाठी प्रश्न ७.

१७. सत्कारातच तास जातो. टाळता येतो का?

टाळू नका, जागा बदला. पडद्याआधीचा सत्कार म्हणजे दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मग अध्यक्षांचं "दोन शब्द". साडेसहाचा शो आठला सुरू होतो आणि दहाची मर्यादा डोक्यावर बसते. सत्कार मध्यंतराच्या जरा आधी दहा मिनिटांत घ्या, निवेदकाकडे नावं छापील द्या. पुढच्या सोफ्यांचंही बघा: पाहुणे मध्यंतरात निघून जातात आणि गायकासमोर रिकामे सोफे उरतात. मध्यंतर संपताच मागच्या पोरांना पुढे बसवा, ही जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा.

१८. स्टेजवर नोटा घेऊन लोक चढतात, मुलीसोबत सेल्फीला गर्दी होते. काय करायचं?

स्टेज आणि पहिली रांग यांत दोन मीटर अंतर, मध्ये बांबू किंवा बॅरिकेड. बक्षिसाची रक्कम खाली एका टेबलावर पावतीने घ्या, निवेदक नाव घेईल. सेल्फी शोनंतर वीस मिनिटं, प्रकाश असलेल्या जागी, रांगेने, गायिकेच्या पाठीमागे भिंत ठेवून. तिच्यासोबत घरचं किंवा विश्वासाचं एक माणूस पूर्णवेळ, ज्याच्याकडे दुसरं काहीही काम नाही. मुक्कामाच्या लॉजचं नाव आयोजकांच्या ग्रुपवर टाकू नका. त्रास वाढला तर ११२.

१९. जाहिरात?

बॅनरला महापालिका-नगरपालिकेची परवानगी आणि त्यावर परवाना क्रमांक. रिक्षावरच्या भोंग्यालाही पोलीस परवानगी लागते. सगळ्यात चांगली तिकिटं वसतिगृहांच्या आणि क्लासेसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातात.

२०. गळ्यासाठी प्रवासात काय सांभाळावं?

बोअरचं पाणी गावागणिक बदलतं, पाण्याचे जार सोबत ठेवा. शोच्या तीन तास आधी भाकरी-भाजी, ठेचा नंतर. सरकी आणि सोयाबीनच्या धुळीच्या दिवसांत गाडीची काच बंद, रात्री वाफ.

२१. शो संपला की रात्रीच पुढच्या गावाला निघावं का?

नाही. नोव्हेंबर ते मार्च लातूर, बीड, परभणी, जालना पट्ट्यात रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेले असतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर पडला की ट्रॉली दिसते ती दहा-पंधरा फुटांवर. दिवसभर साउंडचेक, शो, सामान भरणं यात दमलेला चालक तिथे ब्रेक लावू शकत नाही. मुक्काम करा, सकाळी सातला निघा; प्रश्न २ मधला कोणताही टप्पा दुपारपर्यंत आरामात होतो.

निघावंच लागलं तर दुसरा, झोप झालेला चालक हवा. सामान टेम्पो ट्रॅव्हलरच्या टपावर न बांधता मागच्या सीटवर घ्या आणि टायरची हवा शो सुरू असतानाच तपासून ठेवा, कारण रात्री अकराला पंक्चरवाला सापडत नाही.